सकाळचे डोळे

बुढी, बालाघाट
२३ नोव्हेंबर १९६५

हिरालाल भाऊजी, रामराम.

हे पत्र मी दसऱ्यापासून लिहून राहिलो आहे. रोज ठरवतो की आज लिहू, आणि रोज काही तरी निघतं. एक इनलँड घेतलं, ते शर्टाच्या खिशात घामानं चिकटून गेलं. दुसरं घेतलं तेव्हा हट्ट्याला टुरिंग टॉकीज लागली होती, तिचा मशीनवाला माझ्या ओळखीचा निघाला, मग तिथंच राहिलो. तिथली पायऱ्यांची बावडी तुम्ही पाहिली असेल. भर दुपारी आत उतरलं तरी अंगावर काटा येतो असा गारवा. म्हटलं इथं पायरीवर बसून निवांत लिहू, तर झोप लागली. तुम्ही म्हणाल हा तेजराम तसाच आहे, एका जागी याचं बूड टिकत नाही. टिकत नाही, खरं आहे. पण पत्र न लिहायचं कारण ते नाही. तुम्ही नाराज, मी वयानं लहान, आणि माझी शाळा हिंदीतून, ती पण अर्धीच. तुमच्यासारख्या नोकरीवाल्या माणसाला कोणत्या तोंडानं काय लिहावं, हेच समजत नव्हतं.

तर सांगतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या आईनं, तुळसाबाईंनी, मैनाबाईला किरनापूरहून इथं आणून सोडलं. ओसरीवर टेकल्या पण नाहीत. माझ्या मायनं चहा ठेवला होता, तो तसाच आटला. उभ्या उभ्या बोलल्या की ही पोरगी रात्रभर रडते आणि सकाळी डोळ्यांखाली पिशव्या घेऊन उठते. घरात कोणी मेलं नाही, पोराला भिलाईत पक्की नोकरी लागली, आणि ही असं तोंड घेऊन चूल पेटवते. शेजारणी विचारतात, सुनेला मारता काय. वर्षभर पाहिलं, आता नाही. आणि मोटारीकडे जाता जाता मागं वळून म्हणाल्या की कोणासाठी रडते ते तुम्हीच विचारून घ्या.

माझ्या बाबांनी ते ऐकलं आणि आत जाऊन खाटेवर पडले. तंबाखूच्या गोदामात चौकीदारी करतात, तिथं त्या रात्री गेले नाहीत.

मी विचारलं तिला. मोठी बहीण म्हणून मी तिला नुसतं बाई म्हणतो आणि तुम्ही हसायचे, ही काय मास्तरीण आहे काय म्हणून. ती पाट्यावर मिरच्या वाटत होती. वर न पाहता बोलली,

“रडाले बी टाइम लागते रे, तेजू. त्यायच्या घरी मले थो कोठं भेटत होता?”

भाऊजी, ती रडत नाही. मी दोन आठवडे घरीच आहे, हे माझ्यासाठी किती ते तुम्ही समजा. सकाळी उठते तेव्हा डोळ्यांखाली तेलातून काढलेल्या पुऱ्या असतात, नजर त्यांच्या मागून बाहेर येते. भाकरी थापेपर्यंत थोडी सूज उतरते. दुपारी अर्धी. संध्याकाळी दिवा लावते तेव्हा एकदम साफ, आमची जुनी बाई. तुमची रजा कशी असते मला माहीत आहे, रात्रीच्या गाडीनं येता आणि तिला पाहता ते सकाळीच. एक विचारू काय? तुम्ही तिच्या बाजूला झोपत होते. हुंदका ऐकला होता? माझी हे विचारायची लायकी नाही, पण विचारून टाकलं.

शालिकराम पाटलाचा निरोप आहे की संक्रांत झाली की किरनापूरला पंच बसतील आणि फारकतीचं बोलतील. पंच म्हणजे सकाळीच, उन्ह वर यायच्या आधी. म्हणजे तिचे डोळे सगळ्यात वाईट असतात तेव्हाच. बाईला तिथं उभं करतील आणि तोंड पाहतील. तोवर ती सूज मी उतरवतो, ते माझ्यावर सोडा. मी इतका भटकलो ते कधी तरी कामाला यायलाच पाहिजे. तुम्ही फक्त रजा काढून या आणि तिच्या तोंडाकडे एकदा पाहा.

तुमचा
तेजराम


बालाघाट
१९ डिसेंबर १९६५

भाऊजी, रामराम.

तुमचं उत्तर नाही. भिलाईत टपाल उशिरा मिळत असेल, एवढी मोठी वस्ती.

उपाय चालू आहेत. गोंदियाच्या एका न्हाव्यानं सांगितलं की काकडीच्या गोल चकत्या कापून डोळ्यांवर ठेवायच्या, तो म्हणे मोठ्या लोकांना हेच करतो. ठेवल्या. बाई चकत्या ठेवून पडली होती, मायनं अंधारात पाहिलं आणि किंचाळली. मग कच्चा आलू किसून, मलमलच्या फडक्यात बांधून. मग चहापत्ती. ही मला एका सरदारजी ट्रकवाल्यानं दिली होती, बैहरच्या जंगलातून साग घेऊन येताना. तो माणूस गाडी चालवता चालवता झोपायचा आणि तरी डोळे ताजे. उकळलेली पत्ती थंड करायची, पुरचुंडी करायची, डोळ्यांवर ठेवायची. त्या ट्रकवर मी जंगलात एकदा अस्वल पाहिलं, ते सांगायला बसलो तर कागद संपेल.

पत्तीनं थोडा फरक पडला. मायनं ती पत्ती मग पुन्हा चहात टाकली आणि बाबांना दिली, ते म्हणाले आज चहा चांगला झाला. बाई इतकी हसली की तिचे डोळे दिसेनासे झाले. पुष्कळ दिवसांनी घर हसलं, म्हणून लिहिलं. विहिरीचं पहिलं पाणी पितळेच्या लोट्यात घेऊन ती लोटा डोळ्यांना लावून बसते. चंदन उगाळून लावलं. उपाय रोज नवा, आणि सकाळ रोज तशीच.

सोबत फोटो पाठवतो. घनश्याम फोटोवाल्याकडे काढला, स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे. पाहा, डोळ्यांखाली काही आहे काय. हे तोंड रडणाऱ्या बाईचं आहे काय, तुम्हीच सांगा. नवीन लुगडं मायचं आहे. फोटोत तिनं हसायचं नाही असं घनश्याम म्हणाला, म्हणून ती तशी बसली, रागानं नाही.

बाईला मी विचारलं की भाऊजींना काही लिहायचं आहे काय. म्हणाली, थंडी आहे, गळ्याला गुंडाळून कामावर जा म्हणावं.

तुमचा
तेजराम


बालाघाट
२१ जानेवारी १९६६

भाऊजी,

फोटो परत आला. मागं तुम्ही लिहिलं आहे, “हात फिरवलेला दिसतो.” दोन महिन्यांत तुमचे तीन शब्द आले. हौ, घनश्यामनं काचेवर पेन्सिल फिरवली होती, तो सगळ्यांनाच फिरवतो, देवीचे व्रण पण काढून देतो. मी त्याला नको म्हटलं नाही. फोटो संध्याकाळचा होता, पेन्सिलीची गरज पण नव्हती. जाऊ द्या.

पंच बसले ते तुम्हाला कळलं असेल. तुम्ही नव्हते. आई म्हणेल ते मला कबूल, असा तुमचा निरोप तिथं वाचला. त्या दिवशी काय झालं ते तुमच्या आईनं एका तऱ्हेनं कळवलं असेल, मी दुसऱ्या तऱ्हेनं कळवतो.

झालं असं. डोमाजीच्या घरी भजन होतं, आमच्या गल्लीतच. बाई रात्रभर तिथं मांडवात बसून होती. सकाळी घरी आली तर डोळे एकदम साफ. जागरण केलेली बाई, आणि डोळे साफ. मी विचार करत राहिलो. माझ्या ध्यानात आलं की आडवी झाली की सूज डोळ्यांवर चढते, बसून राहिली की नाही चढत. बाटली आडवी केली की तेल बुचाकडे येतं तसं. मला असं वाटलं की मी काही शोधून काढलं. माझ्या जन्मात मी कोणतंच काम पुरं केलं नव्हतं, हे केलं.

मग पंच बसेपर्यंत तिला आडवी होऊ दिली नाही. धानाच्या पोत्यांना पाठ लावून, मायची गोधडी पांघरून ती बसून झोपायची. रोज सकाळी मी आरसा दाखवायचो. डोळे उतरले, भाऊजी, पेन्सिलीशिवाय उतरले. मायनं मीठ-मिरची ओवाळून तिची नजर काढली.

पण पाय चढले. घोट्यांपासून बोटांपर्यंत, बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. कोणी तिकडे ध्यान दिलं नाही, आमचं सगळं ध्यान डोळ्यांवर. जायच्या आदल्या दिवशी जोडवी रुतून बोटं काळीनिळी झाली. साबण लावला, तेल लावलं, निघाली नाहीत. शेवटी सोनाराकडे नेलं आणि त्यानं जोडवी कापली. कापताना तिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं सूज उतरली की नवी घालू, तिथं पाय कोण पाहतो.

तुमच्या अंगणात ती पंचांपुढं गेली तेव्हा सगळ्यांनी तिचं तोंड पाहिलं. साफ. दोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो, मला वाटलं जिंकलो. मग बाई पाया पडायला वाकली, लुगडं वर सरकलं, आणि तुळसाबाईंनी तिच्या बोटांकडे हात केला.

सवाष्ण बाई आणि जोडवी नाहीत. आपल्याकडे जोडवी कधी निघतात ते मी तुम्हाला काय सांगू. नवरा जिवंत असून हिनं हातानं काढली, म्हणजे हिच्या मनातून तो गेला. म्हणून रडणं पण थांबलं. आता रडायचं कारण उरलं नाही, असा तुमच्या आईनं अर्थ लावला आणि तो सगळ्यांना पटला. साफ डोळे पण तिच्याच विरुद्ध गेले.

मी मध्ये पडलो, म्हटलं पाय सुजले म्हणून कापावी लागली. शालिकराम पाटलानं विचारलं,

“आंधी डोळे सुजत होते, आता पाय सुजले. हिची सूज काय मोटारीत बसून फिरते?”

सगळे हसले. बाई उभी राहिली आणि पहिल्यांदाच बोलली. “तुमी डोळे पाहाले बलावलं. मंग पाय काहून पाहता?” फारकत झाली.

परत येताना मोटारीत ती खिडकीशी बसली होती. तेव्हाही रडली नाही. मी पूर्ण रस्ताभर पाटलाच्या त्या बोलण्याचाच विचार करत होतो. त्यानं थट्टा केली, पण बोलला ते खरं आहे. सूज फिरते. जी फिरते ती रडण्याची कशी? मी तिला दवाखान्यात नेणार आहे.

तेजराम


बालाघाट
२ मार्च १९६६

भाऊजी,

दवाखान्याचं सांगतो, हे तुम्हाला कळायलाच पाहिजे.

मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं डोळे पाहिले, मग पाय दाबला, मग जीभ. माझ्याकडे पाहून विचारलं की इतके दिवस कुठं होते. मी काकडी आणि चहापत्तीचं सांगायला लागलो, तर त्यानं हात वर केला. मग बाईची लघवी एका काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मी बाजूलाच होतो. पाणी तापलं तसं ते दुधासारखं झालं, मग फाटलं, अंड्याच्या पांढऱ्यासारख्या गुठळ्या. डॉक्टर म्हणाला, हे अंगातलं सत्त्व आहे, लघवीतून वाहून चाललं. गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, खराब आहेत. डोळ्यांखाली येते ती सूज त्याचीच, आडवं झालं की वर येते, उभं राहिलं की खाली जाते. रडण्याचा आणि तिचा काही संबंध नाही.

बाई बाकावर बसून ऐकत होती. तिला मी इतकी खुश कधी पाहिली नव्हती. मला म्हणाली, “आयकलं ना? मी सांगत होती.” माणसाला आपले गुर्दे गेले हे समजावं आणि त्यानं असं हसावं, ते मी पाहिलं. डॉक्टरला वाटलं हिला समजलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं.

मग छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. गोंदियाच्या फलाटावर एक माणूस माकडाला टोपी घालून सलाम करायला लावत होता, बाई त्याच्याजवळ उभी राहिली, गाडी सुटता सुटता आम्ही चढलो. नागपूरला ठेवून घेतलं, सुया दिल्या, गोळ्या दिल्या. तिथल्या डॉक्टरनं बाबांना बाजूला नेलं. लवकर आणली असती तर काय झालं असतं, हे तो बोलला नाही आणि आम्ही विचारलं नाही. घरी न्या म्हणाला. मीठ बंद. आता ती अळणी भात खाते. काल ताटलीतला भात बोटानं सरकवत म्हणाली, माय, नुसतं बोट बुडवून लावून दे. मायनं दिलं नाही आणि चुलीकडे तोंड करून बसली. घरात कोणी रडत असेल तर ती माय.

मी दवाखान्याचा कागद घेऊन किरनापूरला गेलो. शालिकराम पाटलाला दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, मला गूळ-पाणी दिलं. भले माणूस आहेत, खोटं का बोलू. म्हणाले, पोरीवर खोटा आळ आला हे कबूल. पण तेजराम, हा कागद घेऊन मी हिरालालच्या मायले काय सांगू? रडणारी सून तिनं ठेवली नाही, मरणारी ठेवीन का? मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि चालत निघालो, मोटारीची पण वाट पाहिली नाही.

तिथंच कळलं की तुमचं हट्ट्याच्या शेवंताशी जमलं आहे, अक्षय तृतीयेला. करा. फारकत झाली, कोणी नाही म्हणू शकत नाही. मी आडवा येत नाही आणि बाई पण येत नाही. तिला मी सांगितलं तेव्हा ती बोलली ते जसं आहे तसं लिहितो,

“करू दे त्यायले लगन. पन आंधी येक डाव इथं या म्हणावं. माझ्यापाशी बसून म्हणा का तू रडत नवती. बस.”

एवढंच मागते आहे. पत्रानं नाही चालणार, ती म्हणते पत्र तेजू पण लिहू शकते. तुमच्या तोंडून पाहिजे.

भिलाईहून सकाळी निघालं तर संध्याकाळी इथं. मी स्टेशनवर उभा राहीन.

तेजराम


बालाघाट
१५ एप्रिल १९६६

भाऊजी,

होळी गेली, पाडवा गेला. मी रोज संध्याकाळच्या गाडीवर जातो. तिकीट तपासणारा आता मला विचारत पण नाही, नुसती मान हलवतो. मी इतके दिवस एका गावात राहिलो, याचं सगळ्या बुढी वस्तीला नवल वाटते. एका ठेकेदारानं तेंदूपानाच्या कामाला बोलावलं होतं लामत्याकडे, जंगलातलं काम, मला आवडणारं. मी नाही गेलो.

आता सूज वर-खाली होत नाही. सगळीकडे एकदमच राहते. बसवली तरी डोळे उतरत नाहीत, चार दिवसांपासून तर उघडतच नाहीत, पापण्या पाणी भरल्यासारख्या. मी सवयीनं लोटा भरून आणतो आणि लावतो. काही होत नाही, पण तिला थंड बरं वाटते. श्वास लागतो. डॉक्टर येऊन गेला, फीस घेतली नाही. फीस न घेणं म्हणजे काय ते बाबांना समजलं, ते अंगणात जाऊन उभे राहिले.

दिसत नाही म्हणून तिचे कान तेज झाले आहेत. मोटार थांबली, सायकल वाजली, कोणाचं पाऊल वाजलं की मान वळवते. विचारत नाही, नुसती वळवते. मीच म्हणतो, दूधवाला आहे. मीच म्हणतो, डोमाजी आहे. काल मला वाटलं की एखाद्या माणसाला तुमच्या नावानं आणून बसवावं. हट्ट्याच्या त्या टॉकीजच्या मशीनवाल्याचा आवाज थोडा तुमच्यासारखा आहे. तो आला पण असता. पण ती हात धरून ओळखीन, मग मला तोंड कुठं लपवायचं. म्हणून हे पत्र. हे शेवटचं, याच्यापुढं लिहिण्यासारखं काही राहणार नाही असं दिसते. अक्षय तृतीयेच्या आधी या. नंतर आले तरी या. तिला तिथीचं काही नाही

मध्येच थांबलो होतो. दारासमोर रिक्षा थांबली. बाईनं मान वळवली आणि आज विचारलं,

“तेजू, थे आले का?”

मी बाहेर गेलो. तुम्ही नाही. एक पोरगी आहे, सोबत कोणी नाही, पायांवर रस्त्याचा फुफाटा. म्हणाली की ती शेवंता, हट्ट्याहून पहिल्या मोटारीनं आली, घरी मावशीकडे जाते म्हणून सांगितलं. उन्हात उभी ठेवून मी तिच्याकडे पाहतच राहिलो. आत ऐकू जाऊ नये असा आवाज काढून तिनं विचारलं,

“माझे बी डोळे कधी सुजले, तं मले बी आणून सोडतीन का? हे मले आतल्या बाईलेच विचाराचं हाय.”

मी बाजूला सरकलो. ती चपला काढून आत गेली आणि खाटेजवळ खाली बसली. बाईनं आवाजाच्या अंदाजानं हात पुढं केला आणि तो शेवंतानं आपल्या हातात घेतला. बाई तिचं मनगट चाचपून राहिली आहे, हळूहळू, आंधळी माणसं चाचपतात तसं. भाऊजी, हात तुमचा नाही हे तिला बांगड्यांवरूनच कळलं असेल. सोडला मात्र नाही.